वाटणीत गालिचा मधोमध कापायचा म्हणताहेत. नक्षी वाचता येणारं कुणी आहे का?

शुक्रवारपेठेतली सून

सगळ्यांना नमस्कार.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं जुनं घर आहे. गेल्या वर्षी मामंजी गेले आणि आता दोघा भावांच्या वाटण्या चालू आहेत. तांब्याची घंगाळं, सागवानी कपाटं, झोपाळा, सगळं आवाज न चढता मिटलं. अडलंय ते एका गालिच्यावर. दोघांनाही तो हवाय. शेवटी धाकट्या भावोजींनी सुचवलं, मधोमध कापू, अर्धा तुम्हाला अर्धा मला. रागानं नाही म्हणाले. त्यांना खरंच तो रास्त मार्ग वाटतो. गादीवाल्याशी बोलूनही ठेवलंय, रविवारी तो कात्री घेऊन येणार. माझ्या पोटात तेव्हापासून गोळा आलाय.

गालिचा नऊ बाय बारा फुटांचा आहे. आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणला, एवढंच घरात सांगतात. जमीन तांबडी, डाळिंबाच्या दाण्यासारखी. मधोमध मोठं पाकळ्यापाकळ्यांचं गोल, आणि चारी कोपऱ्यांत त्याच गोलाचा एकेक पाव तुकडा. काठ गर्द निळा, त्यात फुलं आणि फुलांच्या दोन्ही अंगांनी माशासारखी वाकलेली पानं. मधल्या गोलात कोयऱ्या आहेत. माझ्या सासूबाईंच्या हळदीकुंकवाच्या चांदीच्या कोयरीसारख्याच हुबेहूब, टोक एका बाजूला कललेलं.

एका टोकाकडे तांबडा रंग अचानक फिका पडतो. हातभर रुंदीचा आडवा पट्टा आहे तसा. भावोजी म्हणतात, हा डागी माल आहे, कापला तर काय बिघडलं. शिवाय एका कोपऱ्यात तांबडा रंग निळ्यात उतरलाय. ती चूक माझी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी हौसेनं तो एका धुलाईवाल्याकडे दिला होता.

आमच्याकडे तो रोज अंथरत नाहीत. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं येतात तेव्हा सोप्यात पसरतात, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, आणि घरातल्या प्रत्येक मुलाच्या बारशाला. माझ्या नवऱ्याचं बारसं त्यावर झालं, भावोजींचंही, माझ्या लेकीचंही. लेकीला आम्ही मधल्या गोलावर ठेवलं होतं, पुढं रांगायला लागल्यावर ती एकेका कोयरीवर बोट ठेवत सरकायची.

मला एवढंच कळून घ्यायचंय, की या नक्षीला काही अर्थ असतो का, की नुसती शोभा? आणि कापला तर नेमकं काय होतं? भावनेचं बोलून भावोजी ऐकणार नाहीत. त्यांना समजेल असं काहीतरी माझ्या हातात द्या.

उद्यमनगरवाला

ताई, रागावू नका, पण भावोजींचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. वस्तू एक, हक्कदार दोन. विकून पैसे वाटले तर गालिचाच जाईल. कापून कडेला नीट बायडिंग मारलं तर दोन घरांत दोन गालिचे होतील आणि दोघांकडेही वडिलांची आठवण राहील. आमच्याकडे आजीची पैठणी दोघी आत्यांनी अशीच वाटून घेतली, एकीनं काठ-पदर, दुसरीनं अंग. आजवर कुणाची तक्रार नाही.

जुना रफूवाला

ताई, रविवार यायच्या आत वाचा म्हणून आज रात्रीच लिहितोय. मी मूळचा कागलकडचा. मुंबईत गालिच्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं रफूचं काम केलं. फाटलेले, कुरतडलेले, जळलेले गालिचे गाठ गाठ घालून पूर्ववत करायचे. आता डोळे थकले म्हणून गावी परतलोय.

आधी कापण्याचं. उद्यमनगरवाल्या दादांनी पैठणीचं उदाहरण दिलं, तिथंच फरक आहे. पैठणीची नक्षी विणीतच गुंतलेली असते. गालिच्याची मऊ बाजू म्हणजे वेगळ्या लोकरीच्या लाखो गाठी. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन-दोन धाग्यांभोवती लोकरीचा तुकडा गुंडाळायचा, छुरीनं कापायचा, पुढची गाठ. एक ओळ भरली की आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायचा आणि लोखंडी पंजानं ठोकून बसवायचा. म्हणजे प्रत्येक गाठ तिथं टिकते ती ताण्याच्या ताणावर आणि बाण्याच्या दाबावर. कडेला बाणा वळून परत आत येतो, ती कड म्हणजे गालिच्याचा बांध. मधोमध उभा कापलात की प्रत्येक ओळीतला बाणा तुटला. आता त्याला परत वळायला जागा नाही. पायाखाली जाईल तशा कडेच्या गाठी एक-एक करून निसटतात. बायडिंग मारलं तर वरून झाकतं, आतून ते सुटतच राहतं. असे दोन गालिचे माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. एकाची कड मी आठ महिने बांधत होतो.

तुमचा गालिचा हातविणीचा आहे की यंत्रावरचा, ते आधी बघा. कोपरा उलटा करा. मागं नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे. कापडाचं अस्तर चिकटवलेलं असेल तर तो गाठींचा नाही, टफ्टेड आहे, म्हणजे कापडात लोकर टोचून मागून चिकटवलेला. झालर नीट बघा. ती ताण्याचीच टोकं असेल तर हातविणीचा, शिवणयंत्रानं नंतर लावलेली असेल तर बहुधा नाही. मग मागच्या बाजूला पट्टी ठेवून एक इंच उभ्या आणि एक इंच आडव्या गाठी मोजा. चष्मा लावून मोजा, दोन-तीन ठिकाणी. आकडा मला सांगा.

आता नक्षीचं. तुम्ही जे वर्णन केलंय, मधे मोठं गोल आणि कोपऱ्यांत त्याचेच पाव तुकडे, त्याला इराणी विणकर लचक-तुरंज म्हणतात. लचक म्हणजे कोपऱ्याचा तुकडा. तुरंज म्हणजे मधलं गोल. आणि तुरंज या फारसी शब्दाचा अर्थ काय? महाळुंग. आपल्या अंबाबाईच्या हातात आहे ते फळ. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण मुंबईत उस्तादांनी हा शब्द मला पहिल्यांदा समजावला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं देवीची मूर्तीच आली, आणि तो शब्द मी पुन्हा कधी विसरलो नाही.

कोपऱ्यांतले पाव तुकडे असे का ठेवतात? मनात ते चारी तुकडे बाहेरच्या बाजूला पूर्ण करून बघा. दर कोपऱ्याला आणखी एक महाळुंग, त्याच्या पलीकडे आणखी एक. नक्षी काठाशी संपत नाही, काठाखालून पुढं जाते. तुम्हाला दिसतो तो एका न संपणाऱ्या नक्षीचा खिडकीएवढा भाग. म्हणून मधला गोल हा त्या खिडकीचा मध्य, आणि तुमचे भावोजी नेमकी त्यातूनच कात्री फिरवणार आहेत. मग दोन्ही घरांत अर्धं महाळुंग येईल, ते ना मधे बसेल ना कोपऱ्यात.

काठातली माशासारखी पानं म्हणजे हेराती. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरावरून नाव पडलं. इराणात हिलाच माही म्हणतात, माही म्हणजे मासा. तुम्ही न विचारता पान माशासारखं दिसतं म्हणालात, तसंच ते शेकडो वर्षं विणकरांनाही दिसलंय. कोयरीला तिकडे बोतेह म्हणतात. कुणी तिला सरूचं वाऱ्यानं कललेलं झाड म्हणतं, कुणी ज्योत. आपल्याला आंबा दिसतो. आकार एक आणि बघणारे वेगवेगळे, त्यामुळे एकच अर्थ खरा असं कुणी छाती ठोकून सांगू लागला तर त्याचं ऐकू नका.

फिक्या पट्ट्याबद्दल तर माझी हात जोडून विनंती आहे, त्याला डाग म्हणू नका. त्याला अब्राश म्हणतात. लोकर घाणीघाणीनं, म्हणजे एका वेळी थोडी थोडी, रंगते. मंजिष्ठाच्या मुळांची एक घाणी संपली, दुसरी चढवली, पाणी वेगळं, आच वेगळी, लोकर वेगळ्या मेंढीची. रंग सूतभर हलतो. विणकर त्याच दिवशी त्या ओळीवर असतो, म्हणून तो पट्टा आडवा आणि सरळ येतो. तुमचा हातभर पट्टा म्हणजे रंगाची नवी घाणी चढल्याची खूण. माल डागी असता तर डाग वेडावाकडा पसरला असता. काही जण सांगतात की विणकर नम्रता म्हणून मुद्दाम एक चूक ठेवतो. माझ्या बघण्यात मुद्दाम चुकणारा एकही विणकर आला नाही. चुकली की जीव खाऊन उसवत बसायचे बिचारे.

धुताना रंग उतरला तो कोपरा तसाच राहू द्या. पुन्हा कुणाकडे देऊ नका, आणि पंचगंगेच्या घाटावर तर मुळीच नेऊ नका. पांढरं सुती फडकं ओलं करून तांबड्यावर दाबा. फडक्याला रंग लागला तर पाणी हा त्या गालिच्याचा शत्रू समजा.

मिरजेहून

रफूवाल्या काकांनी विणीचं सांगितलं, मी इतिहासातल्या दोन वाटण्या सांगतो. ताईंना भावोजींसमोर ठेवायला उपयोगी पडतील.

पहिली इ.स. 637 च्या सुमाराची. अरब सैन्यानं इराणच्या सासानी राजांची राजधानी तेसिफोन घेतली. तिथल्या राजवाड्यात एक अवाढव्य गालिचा होता, बागेची नक्षी असलेला. पाट, वाफे, फुलझाडं, सगळं रेशीम, सोनं आणि रत्नांनी भरलेलं. हिवाळ्यात बाहेर हिरवं काही नसताना राजानं त्यावर बसून वसंत अनुभवायचा. त्याचं नावच खुसरोचा वसंत. लूट म्हणून तो कापून वाटला गेला. एका तुकड्याचे वीस हजार दिरहम आले असं जुना इतिहासकार तबरी लिहितो. तुकड्यांना पैसा भरपूर मिळाला. पण आज त्या गालिच्याचा एक धागाही कुठं नाही. फक्त वर्णन उरलंय.

दुसरी जवळची. इराणातल्या अर्दबीलला शेख सफीच्या दर्ग्यात दोन गालिचे होते, एकाच नक्षीचे. एका टोकाला विणलेल्या चौकटीत फारसी कवी हाफिजच्या दोन ओळी आहेत, तुझ्या उंबरठ्याशिवाय मला जगात आसरा नाही अशा अर्थाच्या, आणि खाली मक्सूद काशानी हे नाव आणि हिजरी सन 946, म्हणजे 1539-40. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गालिचे विकले गेले तेव्हा दोन्ही झिजलेले होते. मग एकाला पूर्ण करण्यासाठी दुसऱ्याचे तुकडे वापरले. पुरा झालेला गालिचा 1893 मध्ये लंडनच्या संग्रहालयानं दोन हजार पौंडांना घेतला. तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, साडेदहा मीटर लांब. दुसरा लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. त्याला मूळचा काठच नाही. लंडनचा बघायला लोक मुद्दाम जातात. तिथं त्याच्यावरचा दिवा दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं लावतात, उजेडानं रंग उडू नयेत म्हणून. त्याच्या मधल्या गोलाच्या दोन टोकांना दोन दिवे टांगलेले विणलेत, एक मोठा आणि एक लहान.

आणि ताई, जमलं तर विजापूरला जाऊन या. गोलघुमटासमोर नगारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे, तिथं आदिलशाहीतले जुने गालिचे बघायला मिळतात. पन्हाळ्यावरही एकेकाळी आदिलशाहीच होती, तेव्हा गालिचा ही आपल्या मुलखाला परकी गोष्ट नव्हे. गालिचा, जाजम, बिछायत, तक्क्या, हे शब्द मराठीत बसले ते दरबारी बैठकीसोबतच.

पट्टणकोडोलीकर

मी धनगर. आमच्या घरात गालिचा कधी नव्हता, घोंगडं होतं. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरायची, आजी चरख्यावर सूत काढायची, आणि विणणारे सणगर. चिंचोक्याची खळ लावून ताणा ताठ करायचा. घोंगड्यात गाठी नसतात, साधी उभी-आडवी वीण. नक्षी म्हणाल तर काठाला पांढऱ्या लोकरीच्या दोन रेघा. पण विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत देवाच्या नावानं घोंगडं अंथरलं की त्यावर कुणीही पाय ठेवत नाही, आणि पंच बसले की घोंगड्यावरच बसतात. भंडारा उधळून पिवळं झालेलं घोंगडं आमचे आजोबा झटकतसुद्धा नसत.

ताई, तुमच्याकडे बारसं त्या गालिच्यावर होतं, म्हणजे ती तुमच्या घराची बैठक आहे. आमच्या घरात तीन चुलते. वाटण्या झाल्या तेव्हा देवाचं घोंगडं कुणाच्याच वाट्याला गेलं नाही. थोरल्याकडे ठेवलं, जत्रेला सगळे तिथंच येतात. मेंढरंसुद्धा वाटली पण घोंगडं नाही वाटलं.

शुक्रवारपेठेतली सून

काल दुपारी लेकीला बसवून दोघींनी मोजलं. कापडाचं अस्तर नाही, मागची नक्षी पुढच्यासारखीच दिसते. झालर पांढऱ्या सुती धाग्यांची आहे आणि ती आतूनच आलीय. इंचाला आडव्या नऊ आणि उभ्याही नऊ. तीन जागी मोजलं, एका जागी दहा आल्या. लेक आता शाळेच्या कंपासपेटीतलं भिंग घेऊन पूर्ण काठ बघत बसलीय. तिला एका ठिकाणी दोन मासे उलटे पोहताना सापडले. खरंच, बाकी सगळे एकमेकांकडे तोंड करून आहेत आणि त्या एका जोडीची तोंडं विरुद्ध बाजूला आहेत.

मागं एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं घातलेले टाके सापडले, बोटाएवढे. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हे माझ्या सासूबाईंनी घातलेत, उंदरानं कुरतडलं होतं. इतकी वर्षं मी त्या गालिच्यावर वावरले, मला आज कळलं.

जुना रफूवाला

इंचाला नऊ बाय नऊ म्हणजे चौरस इंचाला 81 गाठी. फार बारीक काम नाही, खूप जाडंभरडंही नाही, घरात वापरायला मजबूत असं आहे. नऊ बाय बारा फूट म्हणजे 15,552 चौरस इंच. गुणा. साडेबारा लाख गाठींच्या वर जातो आकडा. चालता हात दिवसाला सहा ते आठ हजार गाठी घालतो. एकट्याचे सहा महिने, दोघं मागावर बसली तर तीन. हा हिशेब भावोजींना कागदावर मांडून द्या.

उलटे पोहणारे मासे वाचून मला फार बरं वाटलं. कुठं तरी कुणाचं मोजणं चुकलं, ओळ पुढं गेल्यावर लक्षात आलं, आणि उसवायला वेळ नव्हता. काश्मिरात नक्षी चित्रात नसते, तालीम नावाच्या खुणांच्या कागदावर असते. इतक्या गाठी या रंगाच्या, मग इतक्या त्या. एक खूण इकडची तिकडे झाली की मासा वळतो. तुमचा काश्मीरचा आहे असं मी म्हणत नाही, भदोही-मिर्झापूरला चौकटीच्या नक्शावरून विणतात, आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही गालिचे विणले जायचे. फोटोशिवाय गाव सांगणं बरोबर नाही. पण लेकीनं जे पकडलं ते गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं दिसत नाही. तिच्याकडे नजर आहे.

आजेसासूबाईंचे टाके उसवू नका. ते रफूचं काम नव्हे हे मला माहीत आहे, तरी उसवू नका.

उद्यमनगरवाला

काका, मला गाठींचं हे गणित माहीत नव्हतं. पैठणीची तुलना मी मागे घेतो. ताई, कापू नका.

शुक्रवारपेठेतली सून

रविवारचं सांगते. गादीवाल्याला मी आदल्या दिवशीच फोन करून थांबवलं. भावोजी नाराज होऊनच आले. मी काही बोलले नाही. सोप्यात गालिचा उलटा पसरून ठेवला होता आणि लेकीनं त्यांच्या हातात भिंग दिलं, काका एक इंच मोजून दाखवा म्हणाली. ते गुडघ्यावर बसले. पहिल्यांदा चुकले, पुन्हा मोजलं. मग तिनं त्यांना ते दोन मासे दाखवले. बराच वेळ ते तिथंच बसून होते. मग निळ्या टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, ही आजीची शिवण, माझ्या लहानपणच्या गोधडीवर असलीच होती.

वाटणीचं अजून ठरलं नाही, खोटं का सांगू. ते म्हणतात विचार करतो. कोडोलीच्या दादांचं मी त्यांना वाचून दाखवलं, त्यावर फक्त मान हलवली. तोवर गालिचा सासूबाईंच्या खोलीत राहणार, आणि दसऱ्याला सोप्यात येणार, एवढं दोघा भावांनी कबूल केलंय.

काका, पाऊस तोंडावर आलाय. आमच्या खोलीत ओल येते. घडी करून ट्रंकेत ठेवू की गुंडाळून? गुंडाळायला घरात लांब बांबू आहे, तो चालेल का?

जुना रफूवाला

घडी अजिबात नको, घडीवर ताणा मोडतो. गुंडाळाच. बांबू नको, त्याला भुंगा लागतो. चार इंची पीव्हीसीचा पाईप आणा, गालिच्याच्या रुंदीहून हातभर लांब, म्हणजे टोकं मोकळी राहतील. पाईपवर आधी धुतलेली जुनी सुती चादर गुंडाळा, मग गालिचा, वरून पुन्हा चादर. प्लास्टिक लावू नका, आत घाम धरतो. जमिनीवर ठेवू नका, दोन पाटांवर ठेवा. आणि पावसानं उघडीप दिली की महिन्यातून एकदा उलगडून वारा द्या, कडक उन्हात नको. कसर आधी मागच्या बाजूनं लागते, तेव्हा मागं नीट बघा. लेकीलाच बघायला सांगा.